लष्करच्या भाकऱ्या आणि ज्ञानकोश

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, निवृत्तीनंतर हौस म्हणून इंटरनेटवरच्या एखाद्या खुल्या ज्ञानकोशात लिहायचं मनात आहे. कोणता निवडावा?" वेळ संपत आली होती, तेव्हा "यावर पुढे कधीतरी बोलू" असं म्हणून आम्ही निसटलो. आज निसटायचं नाही असं ठरवून आलो आहोत.

हा प्रश्न आमच्या घरचाच आहे. आम्ही सहा निवृत्त मंडळी दर गुरुवारी दुपारी एकाच्या घरी जमतो. दोन प्राध्यापक, एक मुख्याध्यापिका, एक बँकेतले, एक टेलिफोन खात्यातले आणि एक डॉक्टर. सुरुवातीला नुसत्या गप्पा व्हायच्या. मग कोणीतरी म्हणालं, आपल्याला एवढं ठाऊक आहे, ते कुठेतरी लिहून ठेवू या. कुठे, यावर दोन महिने वाद झाला. घरच्यांचं मत एकच होतं: पैसा नाही, नाव नाही, या लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या कशाला? तुम्ही कोश निवडायला बसलात की हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागेल. पण या भाकऱ्या भाजणाऱ्यांचा इतिहास मोठा आहे आणि कोश कसा निवडावा याचं उत्तर त्या इतिहासातच सापडतं. म्हणून आधी इतिहास पाहू, निवडीचं नंतर.

इतिहासाकडे वळण्याआधी आमच्या विषयातलं एक जुनं भांडण दोन मिनिटांत सांगतो. पुढे सारखं लागणार आहे.

एखादं ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरतं? मीमांसकांचं म्हणणं असं की ज्ञान झालं की ते खरं धरून चालावं. पुढे बाधक काही समोर आलं, किंवा ज्या साधनानं ते ज्ञान झालं त्यात दोष दिसला, तर सोडून द्यावं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, असं नाही. ज्ञानाचा खरेपणा बाहेरून ठरतो. लांबून पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यायलो, तहान भागली. तेव्हा म्हणायचं, हो, पाणीच होतं. हे परतःप्रामाण्य. त्यावर मीमांसक विचारतात, तपासणाऱ्या ज्ञानाला मग कोणी तपासायचं? आणि त्यालाही कोणी? ही साखळी कुठे थांबतच नाही. यालाच अनवस्था म्हणतात.

दुसरा मुद्दा शब्दप्रमाणाचा. जगातल्या बहुतेक गोष्टी आपल्याला दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळतात. न्यायशास्त्र म्हणतं, सांगणारा 'आप्त' हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, विश्वासार्ह माणूस. वस्तू ज्याला नीट ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि वात्स्यायन आपल्या भाष्यात स्पष्ट करतात की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं हे लिहून ठेवलं आहे. आप्तपणा जातीवर नाही, पदवीवर नाही, त्या विषयातल्या जाणण्यावर आणि खरं सांगण्यावर आहे.

आता फ्रान्सला जाऊ. १७५१ मध्ये दिदरो आणि द'आलांबेर यांच्या संपादनाखाली तो प्रसिद्ध फ्रेंच विश्वकोश, 'आंसिक्लोपेदी', निघायला सुरुवात झाली. मूळ बेत होता चेंबर्सच्या १७२८ मधल्या इंग्रजी कोशाचं भाषांतर करण्याचा. तो वाढत वाढत मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११ खंड इथपर्यंत गेला. शेवटचे चित्रखंड १७७२ मध्ये आले. व्हॉल्तेर, रूसो यांनी त्यात लिहिलं, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण त्या कोशात सर्वांत जास्त कोणी लिहिलं, हे आमच्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याला कधी सांगता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं आम्हालाही आलं नसतं.

त्यांचं नाव लुई द जोकूर. जन्म १७०४ चा, खानदानी घराण्यातला. जिनिव्हा, केंब्रिज, लायडन इथे शिक्षण. लायडनला वैद्यक शिकले. तारुण्यातली बरीच वर्षं खर्चून त्यांनी वैद्यकाचा एक मोठा लॅटिन कोश एकट्यानं तयार केला. हस्तलिखित छापायला हॉलंडला पाठवलं आणि वाटेत जहाज बुडालं. नक्कल नव्हती. सगळा कोश समुद्राच्या तळाशी गेला.

त्यानंतर हा गृहस्थ दिदरोंच्या कामात आला. मानधन घेतलं नाही. कोशातल्या सुमारे ७२,००० लेखांपैकी १७,००० च्या आसपास लेख एकट्या जोकूर यांचे आहेत, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. १७५९ मध्ये सरकारनं कोशाचा परवाना काढून घेतला. द'आलांबेर त्याच सुमारास बाजूला झाले, बरेच लेखकही गळाले. जोकूर राहिले. पदरच्या पैशानं लेखनिक ठेवून लिहीत राहिले, आणि त्या खर्चासाठी पॅरिसमधलं एक घर विकलं. ते विकत कोणी घेतलं? कोशाचे मुद्रक ले ब्रतों यांनीच. लेखकाच्या कष्टांवर मुद्रक श्रीमंत झाला आणि त्याच पैशात त्यानं लेखकाचं घर घेतलं. याच मुद्रकानं दिदरोंच्या नकळत काही लेखांत काटछाट केली होती. दिदरोंना ते १७६४ मध्ये कळलं, तेव्हा बरेच खंड छापून झाले होते.

जोकूर यांच्यावर टीका अशी झाली, अजूनही होते, की हा माणूस स्वतःचं काही लिहीत नाही, इकडचं तिकडचं वाचून संकलन करतो. ते खरंही आहे. पण गुलामांच्या व्यापारावरचा त्यांचा लेख वाचावा. माणूस विकत घेता येत नाही आणि विकताही येत नाही, हे त्यात विनासंकोच मांडलं आहे, आणि तेसुद्धा त्या व्यापारावर बंदरंच्या बंदरं श्रीमंत होत असताना. संकलन करणाऱ्याला पाठीचा कणा नसतो असं कोणी म्हणालं तर हा लेख दाखवावा.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एकट्याचं काम एका वादळात गेलं, चौघांत मिसळलेलं टिकलं. आणि दुसरी, कोशाची मालकी एकाच्या हाती असली तर तो लेखकाला न विचारता कात्री चालवू शकतो.

आता एक शतक पुढे, इंग्लंडला. तिथे शब्दकोशाचं काम चाललं होतं. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत कल्पना निघाली, १८७९ मध्ये संपादक जेम्स मरे यांनी वाचकांना आवाहन केलं: पुस्तकं वाचा, शब्दाचा उपयोग दिसला की वाक्य चिठ्ठीवर उतरवा आणि पाठवा. चिठ्ठ्यांचा असा पाऊस पडला की मरे यांच्या ऑक्सफर्डमधल्या घराबाहेर टपाल खात्यानं खास पेटी बसवली. हाच ऑक्सफर्डचा कोश. तो पुरा व्हायला १९२८ साल उजाडलं.

या चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांत एक होते विल्यम मायनर. अमेरिकन लष्करातले शल्यवैद्य. मनोविकारामुळे १८७२ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या हातून एका निरपराध माणसाचा खून झाला आणि त्यांची रवानगी ब्रॉडमूरच्या इस्पितळात झाली. तिथे कोठडीत बसून, स्वतःच्या पुस्तकांतून शोधून, त्यांनी हजारो वाक्यं पाठवली. ती वाक्यं वापरली गेली, कारण प्रत्येक चिठ्ठीवर पुस्तक, साल आणि पान असे. चिठ्ठी तपासता येत होती. पाठवणारा कोण, कुठे बसला आहे, याची गरजच पडली नाही. वात्स्यायनांना हे आवडलं असतं, असं आम्हाला नेहमी वाटतं.

आपल्याकडे काय चाललं होतं? श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आले आणि मराठीत ज्ञानकोश करायचा ध्यास घेतला. सरकार परकं, धनिक उदासीन. केतकरांनी नागपुरात चक्क कंपनी काढली, भागभांडवल जमवलं, वर्गणीदार मिळवले. पुढे काम पुण्याला आलं. 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड १९२० च्या दशकात बाहेर पडले. त्यातले पहिले ५ नुसते प्रस्तावनाखंड! आज त्यातली पुष्कळ माहिती जुनी झाली आहे, काही मतं तर आपल्याला खटकतीलच. पण सामान्य मराठी माणूस वर्गणी भरून ज्ञानकोश उभा करू शकतो, हे केतकरांनी दाखवलं.

मग कोश करणं हा जणू मराठी माणसाचा छंदच झाला. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश, पं. महादेवशास्त्री जोशी यांचा १० खंडांचा 'भारतीय संस्कृतिकोश'. आमच्या विषयात १९७४ मध्ये दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' ३ खंडांत निघाला. तो उघडला की आजही आमचं डोकं ताळ्यावर येतं. आणि राज्य स्थापन झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईत 'मराठी विश्वकोशा'चं काम सुरू झालं. पहिला खंड १९७६ ला, विसावा २०१५ ला. मधल्या काळात जर्मनी एक झाला, सोव्हिएत संघ मोडला. छापील खंडाला हे सारं कसं पेलायचं? जे छापलं ते छापलं. विश्वकोशाचं ऋण आमच्या पिढीवर अपार आहे. पण तज्ज्ञानं लिहायचं, तज्ज्ञानं तपासायचं, संपादकानं शेवटचा हात फिरवायचा, या रीतीला वेळ लागणारच. परतःप्रामाण्य पक्कं असतं, पण सावकाश चालतं.

आता इंटरनेटकडे येऊ. इथे तुम्हाला वाटेल की विकिपीडिया एकटाच आहे, निवडायचं काय? तसं नाही. १९९९ मध्ये विनोदी लेखक डग्लस ॲडम्स यांनी 'एचटूजीटू' काढला. आपल्या कादंबरीतल्या काल्पनिक प्रवासी मार्गदर्शकासारखा कोश सामान्य लोकांनी खराखुरा लिहावा, ही त्यांची कल्पना. २००१ मध्ये तो बीबीसीकडे गेला, २०११ मध्ये बीबीसीनं तो सोडला. त्याच काळातला 'एव्हरीथिंगटू'. त्यात एका विषयावर अनेकांनी आपापलं टिपण लिहायचं, कोणी कोणाच्या टिपणाला हात लावायचा नाही, वाचकांनी मत द्यायचं. लेखन त्यात रसाळ असतं. पण एका विषयावर पाच जण पाच गोष्टी सांगून गेले की वाचकाच्या हाती काय येतं?

आणि मग 'न्यूपीडिया'. मार्च २००० मध्ये जिमी वेल्स यांनी सुरू केला. मुख्य संपादक नेमले लॅरी सँगर. हे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्याच वर्षी ओहायो स्टेट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले. प्रबंधाचा विषय ऐका: आपल्या ज्ञानसाधनांवर भरवसा ठेवायला आधार काय, आणि तो आधार दाखवताना आपण गोल गोल तर फिरत नाही ना? म्हणजे आपली अनवस्था आणि चक्रक! अशा माणसाच्या हाती कोश आला. त्यांनी काय केलं? सात पायऱ्यांची तपासणी बसवली. लेख नेमून देणं, परीक्षक शोधणं, परीक्षण, मग खुलं परीक्षण, मग भाषा तपासणं, पुन्हा खुली भाषातपासणी, मग अंतिम मंजुरी. संपादक शक्यतो पीएच.डी. असावेत अशी अपेक्षा. पहिल्या वर्षात तयार लेख झाले वीसएक. आम्ही विद्यापीठात आयुष्य काढलं आहे, आम्हाला या आकड्याचं काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. अभ्यासमंडळाच्या बैठका आम्हीही केल्या आहेत.

तेव्हा, न्यूपीडियासाठी कच्चे लेख मिळावेत म्हणून बाजूला एक खुलं पान ठेवलं. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये शोधलेली 'विकी' ही रचना वापरली. विकी म्हणजे हवाई बेटांच्या भाषेत 'लवकर'. कोणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं दुरुस्त करावं. १५ जानेवारी २००१ ला ते सुरू झालं आणि वर्षाच्या आत लेख २०,००० वर गेले. ओसरीवर तात्पुरता ठेवलेला पाहुणा घराचा मालक झाला. न्यूपीडिया २००३ मध्ये बंद पडला.

तुलना ढोबळ आहे, दर्शनांचे अभ्यासक ऐकत असतील तर त्यांनी सांभाळून घ्यावं. पण विकिपीडिया हा मीमांसकांचा कोश आहे. लिहिलेलं आधी उभं राहतं, बाधक पुढे आलं की पडतं. न्यूपीडिया नैयायिकांचा, आणि तो त्याच जुन्या आक्षेपापाशी अडला: तपासणाऱ्यांना तपासणारे आणायचे कुठून?

मग मीमांसक जिंकले का? थांबा. २००५ मध्ये जॉन सिगेन्थेलर या अमेरिकन पत्रकारांच्या विकिपीडियावरच्या चरित्रात कोणीतरी थट्टा म्हणून लिहिलं की केनेडी बंधूंच्या खुनात त्यांचा हात असल्याचा संशय होता. सपशेल खोटं. ते चार महिन्यांहून अधिक काळ तसंच राहिलं. बाधक ज्ञान आपोआप येत नाही. ते घेऊन येणारा माणूस लागतो. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियानं नोंदणी न केलेल्यांना नवीन लेख सुरू करायला बंदी केली. त्याच वर्षाच्या शेवटी 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकानं ४२ विषयांवरचे लेख तज्ज्ञांना दाखवले. चुका निघाल्या विकिपीडियात १६२ आणि ब्रिटानिकात १२३. ब्रिटानिकानं या पाहणीला जोरदार आक्षेप घेतला, तो वाद आपण बाजूला ठेवू. आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं इतकंच की चुका दोन्हीकडे होत्या. प्रश्न उरतो तो चूक सापडल्यावर काय होतं याचा.

आणखी तीन गोष्टी, आणि मग आमच्या निवडीकडे येतो.

पहिली स्पेनची. २००२ च्या सुरुवातीला विकिपीडियावर जाहिराती येतील की काय अशी शंका आली. स्पॅनिश लेखक बिथरले. आम्ही फुकट लिहायचं आणि त्यावर कोणी पैसे कमवायचे? जोकूर यांच्या घराची आठवण होते ना? पण एक फरक होता. विकिपीडियाचा परवानाच असा की मजकूर कोणीही उचलून, मूळ लेखकांना श्रेय देऊन, दुसरीकडे चालवू शकतो. त्यांनी सगळे लेख उचलले आणि सेव्हिल विद्यापीठाच्या यंत्रावर 'एन्सिक्लोपेदिया लिब्रे' नावानं वेगळा संसार थाटला. कोणी त्यांना चोर म्हणू शकलं नाही. विकिपीडियावर जाहिराती आल्या नाहीत, २००३ मध्ये तो ना-नफा संस्थेकडे गेला. पुढे स्पॅनिश विकिपीडियाच मोठा झाला, पण घर सोडून जाता येतं हे त्या मंडळींनी सिद्ध केलं.

दुसरी गोष्ट सँगर यांची. ते २००२ मध्येच बाहेर पडले आणि २००७ मध्ये त्यांनी 'सिटिझेंडियम' उघडला. सर्वांनी खऱ्या नावानं लिहायचं आणि तज्ज्ञांनी मंजुरी द्यायची. आमच्यासारख्यांना हे वाचूनच बरं वाटतं. मान आहे, नाव आहे, गोंधळ नाही. पण तिथे वर्दळ जमली नाही. तज्ज्ञ पुरेसे आले नाहीत, आणि सामान्य लेखकाला परवानगी मागत बसण्यात रस नव्हता.

तिसरी गूगलची. २००८ मध्ये 'नोल' सर्वांसाठी खुला झाला. लेखकाचं नाव ठळक, लेखावर त्याचा ताबा, जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा. कागदावर सगळ्यांत आकर्षक. चार वर्षांत, २०१२ मध्ये, कंपनीनं तो बंद केला. लेख हलवायला मुदत दिली होती. ज्यांनी हलवले नाहीत, त्यांचं जहाज बुडालं.

तर हा सगळा इतिहास आम्ही सहा जणांनी दोन महिने घोळवला आणि त्यातून तीन प्रश्न काढले. तुम्ही कोश निवडाल तेव्हा हे विचारा.

एक: इथे चूक कशी दुरुस्त होते? कोण करू शकतो, किती वेळात, आणि त्याची नोंद राहते का? विकिपीडियावर प्रत्येक लेखामागे 'इतिहास' असतो. कोणी कधी काय बदललं ते शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत दिसतं. शेजारी 'चर्चा' असते. छापील कोशात संपादकांचे वाद आपल्याला कधी दिसलेच नाहीत.

दोन: दुकान बंद झालं तर भाकऱ्यांचं काय? मजकूर उचलून नेता येईल असा परवाना आहे का? या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही तर मोहात पडू नका, मग तिथे तुमचं नाव कितीही मोठ्या अक्षरांत छापोत.

तीन: आपला वाचक कुठे आहे? इंग्रजीत कांटवर लिहायला हजार माणसं आहेत, आणि स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश १९९५ पासून निमंत्रित तज्ज्ञांकडून उत्तम काम करतो आहे. तिथे आमची वाट कोणी पाहत नाही. पण एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी 'ज्ञानमीमांसा' हा शब्द मराठीत शोधते तेव्हा तिला काय मिळतं? केतकरांपासून वाडेकरांपर्यंत लोकांनी झिजून जी परिभाषा घडवली, ती तिच्यापर्यंत पोचली नाही तर ती शब्दासकट गेली. आमच्या शेजारच्या गोव्याचं उदाहरण पाहा. गोवा विद्यापीठानं आपला ४ खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला आणि कोंकणी विकिपीडिया उभा राहताना तो कामी आला. जुना कोश नव्याच्या पायात असा घालता येतो.

आम्ही मराठी विकिपीडिया निवडला. तो १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झालेला आहे. तिथे पुष्कळ लेख अजून दोन-चार ओळींचे आहेत, म्हणजे आमच्यासारख्यांना काम भरपूर आहे. सहातल्या एका सदस्याला हे पटलं नाही. 'माझं वाक्य कोणी बदललेलं मला चालणार नाही' असं ते म्हणाले. ते स्वतःच्या नावानं पुस्तक लिहीत आहेत, आणि तेही योग्यच आहे. प्रत्येकाची हौस वेगळी. पण कोशात लिहायचं तर हा अहंकार दारात काढून ठेवावा लागतो, चपलांसारखा.

आमचा स्वतःचा कसा गेला ते सांगतो. पहिल्याच महिन्यात आम्ही एका जुन्या मराठी ग्रंथावर लिहिलं. प्रकाशनाचं साल लिहिलं ते पाठ असलेलं. चर्चेच्या पानावर कोणीतरी नम्रपणे विचारलं: "या सालाला संदर्भ द्याल का?" आम्हाला राग आला. पस्तीस वर्षं हा ग्रंथ शिकवला, आम्हाला संदर्भ विचारतो? रागारागानं कपाटातून पुस्तक काढलं, मुद्रणपृष्ठ पाहिलं. ते साल दुसऱ्या आवृत्तीचं होतं. पस्तीस वर्षं आम्ही फळ्यावर चुकीचं साल लिहीत होतो, आणि एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नव्हतं, कारण आम्ही 'सर' होतो. विचारणारा कोण होता, विद्यार्थी की सेवानिवृत्त न्यायाधीश, आम्हाला आजही माहीत नाही. आप्त होता एवढं नक्की. आम्ही साल दुरुस्त केलं, आभार मानले, आणि तेव्हापासून पुस्तक उघडल्याशिवाय आकडा लिहीत नाही.

नव्यानं जाणाऱ्यांना दोन गोष्टी सांगून ठेवतो. स्वतःवर, स्वतःच्या गुरूंवर किंवा स्वतःच्या संस्थेवर लेख लिहून सुरुवात करू नका. तिथे आपली तटस्थता टिकत नाही. आणि आपलं नवं संशोधन, आपलं लाडकं मत तिथे मांडायचं नसतं. आधी छापून आलेलं आणि दाखवता येईल असंच लिहायचं असतं. प्राध्यापकाला हे सर्वांत जड जातं. आम्हाला सहा महिने लागले. सुरुवात लहान करा: एखाद्या लेखातलं शुद्धलेखन, एखादा संदर्भ, आपल्या गावच्या नदीचा उगम.

शेवटी एक खाजगी गोष्ट. आमच्या गटातले बँकेतले स्नेही गेल्या वर्षी गेले. त्यांना जुन्या मराठी वजनमापांचा आणि नाण्यांचा नाद होता. घरी टिपणांच्या वह्या होत्या, तीसेक असतील. मुलं परदेशात. घर आवरताना त्या वह्या रद्दीत गेल्या. मुलांचा दोष नाही, त्यांना त्या अक्षरातलं काही लागेना. आम्हाला कळलं तोवर उशीर झाला होता. पण दर गुरुवारी आमच्यासोबत बसून, एका बोटानं टंकून, त्यांनी अकरा लेख लिहिले होते. ते आहेत. परवा आम्ही त्यातला एक उघडून पाहिला. इतिहासात पाहिलं तर मधल्या काळात तिघांनी त्यात भर घातलेली. एकानं त्यांचं एक वाक्य बदललं आहे, आणि मूळ वाक्यापेक्षा ते बरं आहे. त्यांना ते चाललं असतं.

म्हणून आमच्याकडून उत्तर विचाराल तर हेच, की जिथे आपली चूक दुसऱ्याला दुरुस्त करता येते आणि आपण गेल्यावरही करता येत राहते, तो कोश निवडा. बाकी भाकऱ्या भाजायला बसलात की हात आपोआप चालतो.

आता प्रश्न घेऊ. आणि आज आम्ही जी सालं सांगितली, ती घरी जाऊन तपासा. चुकलं असेल तर आम्हाला कळवा, पण आधी कोशात दुरुस्त करा.